उजव्या हाताचा कॅमेरा

मोठ्या डॉक्टरांनी फाईलवर दोन ओळी लिहिल्या, पेनला टोपण लावलं आणि फाईल मिटून बाजूला सरकवली. टेलरबाईने ती स्वतःकडे ओढली आणि पुन्हा उघडली.

"अहो बाई, ती ऑफिसची फाईल आहे."

"नवरा माझा आहे," ती म्हणाली आणि वाचायला लागली.

'रुग्णाच्या वाचेत गेल्या आठ आठवड्यांत सुधारणा नाही. उपचाराची सत्रे थांबवावीत.'

तिचा नवरा शेजारच्याच खुर्चीत बसला होता. सगळा भाग त्यांना 'व्हिडिओवाले' म्हणूनच ओळखायचा. लग्नं, शाळेची संमेलनं, कचेऱ्यांमधले निरोपसमारंभ असं गेली वीस वर्षं त्यांनी लोकांचं आयुष्य टेपवर उतरवलं होतं. चार महिन्यांपूर्वी अशाच एका लग्नात शूटिंग करता करता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवा पाय हळूहळू काठीच्या आधाराने चालायला लागला. उजवा हात मात्र तसाच लोंबत राहिला. आणि बोलणं गेलं. सगळं नाही गेलं, एक शब्द उरला. 'तेच'. पाणी हवं असलं तरी 'तेच', राग आला तरी 'तेच', लेकीचा फोन आला तरी डोळे भरून 'तेच, तेच'. समजत त्यांना सगळं होतं. तेच तर जास्त वाईट होतं.

"सुधारणा नाही हे ठरवलं कोणी?" टेलरबाईने विचारलं.

"चाचणीने. पंधरा चित्रं दाखवली, त्यातली दोन ओळखली."

"कसली चित्रं?"

डॉक्टरांनी भिंतीशी उभ्या असलेल्या थेरपिस्ट मुलीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "सफरचंद, छत्री, बदक..."

"बदक," टेलरबाई म्हणाली. "ज्या माणसाने सहाशे लग्नं शूट केली त्याला तुम्ही बदक दाखवता, आणि त्याने तोंड फिरवलं की मार्क कापता."

"आवडीनिवडीचा प्रश्न नाही हा. बाहेर माणसं रांगेत आहेत." डॉक्टरांनी एक कागद पुढे केला. "इथे सही करा. तुम्हाला मान्य नसेल तर चार आठवड्यांनी आढावा बैठक आहे. दाखवण्यासारखं काही नवीन असेल तर या. पण खरं सांगू? उगीच आशा लावून बसू नका."

टेलरबाईने सही केली नाही. तिने नवऱ्याच्या काखेत हात घातला, त्यांना उठवलं आणि जाता जाता म्हणाली, "चार आठवड्यांनी येतो."

काय घेऊन येणार होती, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे तिचं. पुढच्या खोलीत कापायचं मोठं टेबल, दोन शिलाई मशिनं, इस्त्री, आणि छताला टांगलेले लोकांचे कोट आणि पँटी. उंची कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, हीच कामं. मागच्या खोलीत संसार. कपाटाच्या वर काळ्या बॅगेत कॅमेरा.

त्या कॅमेऱ्याला घरात दुसऱ्या कोणाचा हात लागलेला चालत नसे. लेक शाळेत होती तेव्हाची गोष्ट. तिच्या नाचाच्या वेळी व्हिडिओवाले प्लग शोधायला गेले होते, आणि टेलरबाईने कॅमेरा नुसता उचलून डोळ्याला लावला होता. त्यांनी येऊन तो तिच्या हातातून काढून घेतला. "तुझं काम नाही ते. तू आपली सुईदोरा सांभाळ." चारचौघांत म्हणाले होते. ते विसरून गेले, ती विसरली नव्हती. पण त्यानंतर तिने कधी मागितलाही नव्हता.

आढाव्याचं बोलणं झालं त्याच आठवड्यात धाकटा दीर आला. माणूस वाईट नव्हता, पण जिथे तिथे व्यवहार बघायचा.

"वहिनी, कॅमेऱ्याला गिऱ्हाईक आहे. नुसता पडून राहिला तर टेप फिरायची बंद होईल. शिवाय तो उजव्या हाताचा. पट्टा उजवीकडे, बटणं उजव्या अंगठ्याखाली. दादाला आता काय उपयोग त्याचा?"

हे सगळं तो दादाच्या समोर बोलत होता. दादा खिडकीबाहेर बघत बसले होते, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल चाललं आहे.

टेलरबाईने स्टूल घेतलं, बॅग खाली काढली आणि कापायच्या टेबलावर ठेवली. विकायचं की नाही हे तिने ठरवलं नव्हतं. आत काय काय आहे ते आधी बघावं, एवढंच. ती एकेक वस्तू काढून मांडत गेली आणि सवयीने मोठ्याने बोलत गेली.

"हा कॅमेरा. ही वायर. हे टोपण. ही अजून एक वायर. आणि हे बाजूला काय आहे... हं, बॉबिन घालायचं दार."

"कॅ..."

दोघांनी वळून पाहिलं. व्हिडिओवाल्यांचा चेहरा लाल झाला होता. डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटत होती.

"कॅ... कॅसेट!"

बाहेरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"काय म्हणालात?"

"कॅसेट," ते म्हणाले. अगदी वैतागून, मूर्खाला समजवावं तसं. मग पुढचं काही सांगायला गेले, आणि पुन्हा "तेच, तेच" करत अडकले.

टेलरबाईने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाचा चामडी पट्टा दोन बोटांत धरला आणि साळसूदपणे म्हणाली, "आणि हा कुत्र्याचा पट्टा दिसतोय."

"ग्रिप!"

"बरं, ग्रिप." तिने सगळ्या वस्तू परत बॅगेत ठेवायला सुरुवात केली. "भाऊजी, गिऱ्हाईकाला सांगा, कॅमेरा वापरात आहे."

"वापरणार कोण?"

"मी."

दीर हसला. "अहो वहिनी, ते शिलाई मशीन नाही."

"मग सोपंच असेल. बोटात सुई तरी जाणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून दुकान दुपारी दोन तास बंद राहायला लागलं. दारावर पाटी होती: 'कामात आहे.' टेबलावरचे कपडे बाजूला सारून ती कॅमेरा मधोमध ठेवायची, समोर नवऱ्याची खुर्ची ओढायची आणि सुरू करायची.

पहिल्या दिवशीच तिच्या एक गोष्ट लक्षात आली. "हे काय आहे?" असं विचारलं की ते गप्प. दवाखान्यातल्या चित्रांच्या कार्डांसमोर व्हायचे तसे डोळे विझायचे. पण तीच वस्तू तिने चुकीच्या नावाने पुकारली, की शब्द उसळी मारून बाहेर यायचा. बायकोची चूक दिसली की तिच्यावर तुटून पडायची त्यांची तीस वर्षांची सवय होती. मेंदूतलं एवढं काय काय बंद पडलं होतं, पण तेवढा कोपरा धडधाकट होता.

"ही नळी," ती म्हणायची, डोळा लावायच्या भागाला.

"व्ह्यू... फाइंडर."

"आणि ही खिडकी."

"स्क्रीन. स्क्रीन!"

"आणि हा भोकं भोकं असलेला भाग म्हणजे हवा जायला."

"माइक!" त्यांनी कपाळाला हात लावला. टेलरबाईला मनातून इतकं बरं वाटलं की तिला तोंड फिरवून हसावं लागलं.

पण चुका करायचं नाटक चार दिवसही चाललं नाही, कारण नावं संपली आणि चालवायची वेळ आली. आता चुका खऱ्याच होत होत्या. मागचा गोल खटका फिरवायला गेली तर फिरेना. तिने जोर लावला, तर नवऱ्याने टेबलावर अशी थाप मारली की कात्री खाली पडली.

"हिरवं! हिरवं! दाब!"

खटक्याच्या मधोमध एक बारीक हिरवं बटण होतं. ते आत दाबून धरल्याशिवाय खटका हलत नव्हता. एका बाजूला फिरवला की काढायला तयार, दुसऱ्या बाजूला फिरवला की काढलेलं बघायला.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" ती ओरडली.

"तेच!" तेही ओरडले. यावेळी मात्र तो शब्द बरोबर बसला.

झूमचा खटका तिला पहिल्याच दिवशी जमला. तर्जनीखाली होता तो. एकीकडे ढकलला की समोरचं जवळ, दुसरीकडे ढकलला की लांब. हळू दाबला तर हळू, जोरात दाबला तर झपकन. हे तिला शिकवावं लागलं नाही. मशिनच्या पॅडलवर तिचा पाय तीस वर्षं हेच करत होता. तिने दाराच्या कडीपासून छताला टांगलेल्या कोटाच्या तिसऱ्या बटणापर्यंत एका दमात, कुठे न अडखळता झूम केलं. व्हिडिओवाले स्क्रीनकडे बघत होते. नुसती भुवई वर गेली.

सगळ्यात अवघड गेली ती स्क्रीनवरची चिन्हं. डोळा फोटोवर ठेवायचा की कडेच्या त्या गर्दीवर, हेच तिला कळेना. शेवटी तिने ड्रेसचे नमुने कापायचा मोठा तपकिरी कागद घेतला, त्यावर खडूने खाटेएवढी स्क्रीन काढली आणि भिंतीवर टाचली. रोज दोनतीन चिन्हं त्यात भरायची. वर डावीकडे बॅटरी आणि उरलेली मिनिटं. मध्यावर 'स्टँडबाय', म्हणजे नुसता तयार, नाहीतर 'रेक', म्हणजे रेकॉर्डिंग चालू. उजवीकडे टेपचा आकडा, त्याखाली टेप किती उरली ते. हलणारा हात, म्हणजे थरथर सावरायची सोय. ती चिन्ह काढायची, तोंडाने भलतंच बोलायची, ते दुरुस्त करायचे. कधी अर्धा शब्द यायचा, कधी दहा मिनिटं लागायची. एका दुपारी एकही आला नाही आणि त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. तिने त्या दिवशी कॅमेरा बंद केला आणि दोन पँटी शिवून टाकल्या. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा टेबलाकडे ओढली.

थेरपिस्ट मुलगी एक दिवस स्वतःहून आली. कोटाची चेन हे निमित्त होतं. भिंतीवरचा कागद बघून ती दारातच थांबली.

"काकू, हे काय?"

"शाळा," टेलरबाई म्हणाली आणि बॅटरीच्या चिन्हाकडे बोट दाखवलं. "ही काडेपेटी."

"बॅटरी," मागून व्हिडिओवाले म्हणाले. मग मुलीकडे पाहून, अगदी मन लावून: "चार... चार्ज करते. रोज."

मुलगी खुर्चीत बसली. तिचे डोळे भरले होते, पण ती कामाची पोर होती. "काकू, हे रेकॉर्ड करा. रोज. हीच खुर्ची, हीच वेळ. आणि तारीख दिसली पाहिजे, नाहीतर म्हणतील सगळं एका दिवसात काढलं. मी नुसतं तोंडाने सांगितलं तर मोठे डॉक्टर ऐकणार नाहीत. माझे आकडे तुमच्याविरुद्ध आहेत."

मग तारीख लावणं आलं. खालच्या कोपऱ्यात तारीख लुकलुकत होती आणि बारा वर्षांपूर्वीची होती, कारण आतला नाण्याएवढा सेल मेला होता. तो बदलून आणला. मेनूच्या बारीक चाकाशी झटापट करता करता तिने एकदा सगळी अक्षरं परक्या भाषेत करून टाकली, आणि व्हिडिओवाल्यांना दोन तास "वर... खाली... नको! मागे!" करत तिला बाहेर काढावं लागलं. इतके शब्द त्यांनी एका दुपारी आजारानंतर कधी वापरले नव्हते. तारीख बरोबर बसली तेव्हा दोघंही घामाघूम झाले होते.

रेकॉर्डिंगचा पहिला दिवस पुरता फसला. तिने कॅमेरा ट्रायपॉडच्या तिकाटण्यावर लावला, लाल बटण दाबलं, नवऱ्याला वीस मिनिटं बोलतं केलं, मग पुन्हा बटण दाबून कॅमेरा काढला आणि कापडं आवरायला लागली. तेवढ्यात व्हिडिओवाले खुर्चीतून अर्धे उठले.

"लाल!"

"लाल काय?"

"लाल! लाल!"

तिला वाटलं, शर्टाचं बटण तुटलंय. तिने खणातून लाल दोऱ्याचं रीळ काढून आणलं. ते बघून त्यांनी असा काही आवाज काढला की शेजारच्या चष्मेवाल्याने भिंतीवर टकटक केलं.

संध्याकाळी टेप लावली तेव्हा उलगडा झाला. बटण पहिल्यांदा नीट दाबलंच गेलं नव्हतं. वीस मिनिटं कॅमेरा नुसता स्टँडबायवर उभा होता. बंद करायला म्हणून दाबलं तेव्हा चालू झाला. टेपवर होती तिची चप्पल, टेबलाचा पाय, खण, आणि कुठूनतरी नवऱ्याचा आवाज: "लाल! लाल! दि... दिवा लाल!" कॅमेऱ्याच्या तोंडावरचा दिवा पेटला होता. हेच ते बिचारे सांगत होते.

टेलरबाईने तो भाग पुन्हा लावला. "अहो, ऐका. दोन शब्द. एकापुढे एक. 'दिवा लाल.'"

त्यांनी ऐकलं. तिसऱ्यांदा लावायची खूण त्यांनीच बोटाने केली.

"हे पुसायचं नाही," ती म्हणाली. "चप्पल दिसली तर दिसू दे."

त्यानंतर ती आधी स्क्रीनवर 'रेक' वाचायची आणि मगच तोंड उघडायची. बैठकीच्या दिवसापर्यंत तिच्याकडे एकोणीस दिवसांचं रेकॉर्डिंग जमलं होतं. त्यातून तिने सहा मिनिटं निवडली आणि टेपचे आकडे कागदावर उतरवून घेतले.

बैठकीच्या सकाळी हवा बोचरी होती. बस उशिरा आली, स्टॉपवर पाऊण तास उभं राहावं लागलं. डॉक्टरांच्या खोलीत हीटर लावलेला होता आणि कोपऱ्यातल्या किटलीची वाफ खिडकीवर धरली होती.

"दहा मिनिटं आहेत," डॉक्टर म्हणाले. "हा कॅमेरा कशाला?"

"नवीन काही दाखवायचं असेल तर या म्हणालात. दाखवायचं इथे आहे."

तिने स्क्रीन उघडली, त्यांच्याकडे फिरवली आणि हिरवं बटण दाबून खटका वळवला. टेप फिरली नाही. स्क्रीनवर पाण्याच्या थेंबासारखं चिन्ह उघडझाप करत होतं. हे चिन्ह भिंतीवरच्या कागदावर नव्हतं. तिने पुन्हा खटका फिरवला. पुन्हा थेंब.

"बंद पडला वाटतं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटका होती. "असू द्या. तुम्ही प्रयत्न केलात. तो कागद..."

"नाही," व्हिडिओवाले म्हणाले.

डॉक्टर थांबले.

"बंद नाही. थेंब. बाहेर थंड. इथे... इथे गरम. आत पाणी." त्यांनी डाव्या हाताने कॅमेऱ्याकडे बोट केलं, मग बायकोकडे. "दार उघड. कॅसेट काढ. एक तास. थांब."

भिंतीशी उभ्या थेरपिस्ट मुलीने वही उघडून ते लिहून घेतलं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "तासभर मला वेळ नाही. पुढच्या महिन्यात..."

"पुढच्या महिन्यात नाही," टेलरबाई म्हणाली. कॅसेट काढून तिने कॅमेरा तोंड उघडा ठेवून डॉक्टरांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. "तुम्ही तुमचे पेशंट बघा. आम्ही बाहेर बसतो. तासाने येतो."

"बाई, असं चालत नाही इथे."

"आठ आठवडे तुम्ही यांना बदकं दाखवलीत. आम्ही बसून बघितली. आता तुम्ही सहा मिनिटं बघा. कॅमेरा इथेच राहील, खोली गरम आहे, लवकर सुकेल. त्याला कोणी हात लावायचा नाही."

तासभर ती दोघं बाकावर बसली. आत जाणाऱ्या प्रत्येक पेशंटबरोबर दार उघडायचं आणि टेबलाच्या कोपऱ्यावरचा कॅमेरा दिसायचा. तो सरकवायची हिंमत कोणी केली नव्हती.

तासाने ती नवऱ्याला घेऊन न बोलावता आत गेली. थेंब गेला होता. तिने कॅसेट परत घातली आणि टेप फिरली. पहिली तारीख: चप्पल, खण, "दिवा लाल". नवव्या दिवसाची तारीख: "हे बॅकलाइट. मागून ऊन. तोंड काळं. म्हणून." कालची तारीख: व्हिडिओवाले खुर्चीत ताठ बसून, एकेक शब्द खेचून काढत, फोकस हाताने कसा करायचा ते सांगत होते, आणि कॅमेऱ्यामागून टेलरबाईचा आवाज हुज्जत घालत होता.

डॉक्टरांनी सहाही मिनिटं पाहिली. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण हे पाठ केलेले शब्द आहेत. कॅमेऱ्यापुरते. भाषा वेगळी गोष्ट आहे." त्यांनी खणातून कार्डांचा गठ्ठा काढला आणि एक समोर धरलं. "हे काय आहे, सांगा."

व्हिडिओवाल्यांनी कार्डाकडे पाहिलं. काही आलं नाही. टेलरबाईने ओठ घट्ट मिटले. आता बोलणं बरोबर झालं नसतं. डॉक्टर वाट बघत होते. व्हिडिओवाले पुढे वाकले, कार्ड डाव्या हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं.

"छत्री," ते म्हणाले. "असेल. फोकस... फोकस नाही."

त्यांनी कार्ड डॉक्टरांसमोर परत ठेवलं. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली होती ती. कडा इतक्या पुसट झाल्या होत्या की छत्री होती, का झाड होतं, ते कोणालाही पटकन कळलं नसतं.

थेरपिस्ट मुलीला हसू फुटलं, ते तिने खोकल्यात घालवलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, मग फाईल ओढली. पेन उघडता उघडता त्यांची नजर कॅमेऱ्याकडे गेली. स्क्रीन अजून उघडीच होती, खटका परत काढायच्या बाजूला वळला होता आणि टेलरबाईचा अंगठा लाल बटणावर होता.

"ते चालू आहे का?"

तिने स्क्रीनवर वाचलं. "स्टँडबाय. तयार आहे, अजून चालू नाही. तुम्ही लिहा."

'नवीन नोंदी पाहता आणखी आठ सत्रे द्यावीत. नंतर पुन्हा आढावा.'

"आणि त्या दोन ओळी?" तिने विचारलं. "सुधारणा नाही म्हणून लिहिलेल्या?"

"फाईलमधलं खोडता येत नाही."

"मग समोर लिहा, की ते चुकलं होतं."

"बाई!"

"लिहा ना. मी थांबते. मला थांबायची सवय झालीय."

ते त्यांनी लिहिलं नाही. पण खाली तारीख घातली, सही केली, आणि यावेळी फाईल स्वतःहून तिच्याकडे सरकवली.

आठ सत्रांची सोळा झाली, मग चोवीस. मोठे डॉक्टर आपलं चुकलं असं कधी म्हणाले नाहीत. थेरपिस्ट मुलीने मात्र कार्डांचा गठ्ठा खणात टाकून दिला. पेशंटच्या घरच्यांना ती सांगायला लागली, त्यांच्या कामाच्या वस्तू आणा आणि नावं चुकवा. एका बेकरीवाल्याची बायको साच्यांना ताटल्या म्हणायला लागली. एका मेकॅनिकच्या बहिणीने पान्याला चमचा म्हटलं, तेव्हा तो शिव्या देत बोलता झाला. त्या खोलीत आता जाल तेव्हा भांडण चालू असायचं.

व्हिडिओवाल्यांचा उजवा हात परत आला नाही. बोलणं आलं, सगळं नाही, तुटक, पण घरात पुरेल एवढं, आणि भांडायला भरपूर. वर्षाच्या अखेरीला एका कचेरीतून निरोप आला. साहेब निवृत्त होताहेत, व्हिडिओवाले येतील का? "आम्ही येतो," टेलरबाईने सांगितलं. ग्रिपमध्ये हात तिचा होता, आणि तिच्या मागे काठी घेऊन खुर्चीत बसलेले व्हिडिओवाले सगळा समारंभ संपेपर्यंत कुजबुजत्या आवाजात हुकूम सोडत होते. त्यांतले निम्मे तिने पाळले.

परतताना बसमध्ये ते फुगून बसले होते. दोन स्टॉप गेल्यावर राहवलं नाही.

"डोकं कापलंस. साहेबांचं."

"साहेब उंच होते."

"मागे जायचं! पाय नाहीत तुला?"

"मागे तुमची खुर्ची होती. तुमच्या अंगावर पडले असते."

"पडायचं मग!"

पुढच्या सीटवरची दोन माणसं वळून बघायला लागली. व्हिडिओवाल्यांनी त्यांच्याकडे लक्षही दिलं नाही. त्यांनी श्वास घेतला, आणि मग एकही शब्द न गाळता, न अडखळता म्हणाले, "तो कॅमेरा माझा आहे आणि तू तो मला परत दे."

टेलरबाईने मांडीवरची बॅग आणखी जवळ ओढली.

"वाक्य फार छान झालं," ती म्हणाली. "कॅमेरा मिळणार नाही."

ते पुन्हा सुरू झाले. घर येईपर्यंत पाच स्टॉप होते, आणि पाचही स्टॉप ते भांडत राहिले. ती एकदाही मागे हटली नाही.